वाई ते हर्णै : डोंगरमाथ्यापासून समुद्रापर्यंत एका खडकाची कुळकथा

शेतकऱ्याचें मुख्य भांडवल म्हणजे त्याची जमीन होय. परंतु ती जमीन त्या जागीं कोठून व कशी आली, याचा विचार करण्याचा प्रसंग बहुधा येत नाहीं. वाडवडिलांकडून सात-बाराच्या उताऱ्यावर ती आपल्या नांवें लागली, एवढ्यावर आपण समाधान मानतों. वास्तविक तिचा मूळ उतारा डोंगराच्या कड्यांत लिहिलेला आहे, आणि तो वाचण्यास फारसें पुस्तकी ज्ञान लागत नाहीं. एखाद्या चांगल्या रस्त्यानें डोळे उघडे ठेवून प्रवास केला, तरी पुष्कळसें काम भागतें. असा एक उत्तम रस्ता वाईहून पसरणीचा घाट, पांचगणी, महाबळेश्वर, आंबेनळीचा घाट, पोलादपूर, खेड व दापोली असा हर्णैच्या बंदरास जातो. सारें अंतर सुमारें दीडशें किलोमीटर आहे. मोटारीनें निघाल्यास तें एका दिवसांतहि संपेल, पण तशी घाई करूं नये. महाबळेश्वरीं एक व दापोलीस एक असे दोन मुक्काम ठेवावे. दिवस दसऱ्यानंतरचे निवडावे. आषाढ-श्रावणांत या घाटांत धुकें व दरडी यांखेरीज कांहीं दिसत नाहीं, आणि दरडी दिसल्याच तर त्या फार जवळून दिसतात!

एक गोष्ट आरंभींच ध्यानांत घ्यावी. वाईच्या मळ्यांतील काळी माती, महाबळेश्वराच्या माथ्यावरील तांबडी माती, पोलादपूरच्या भातखाचरांतील गाळ आणि दापोलीच्या सड्यावरील जांभा हीं सारीं एकाच बापाचीं लेंकरें आहेत. हा बाप म्हणजे आपला नेहमींचा काळा पाषाण. शास्त्रज्ञ त्यास बेसाल्ट म्हणतात. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं भूमीस पडलेल्या लांबच लांब भेगांतून तप्त शिलारस बाहेर आला व पाण्यासारखा सभोंवार पसरून थिजला. कांहीं काळानें त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. असे थरांवर थर सांचत गेले. दोन थरांच्या मध्यें पुरेसा अवकाश मिळाला, तेथें खालच्या थराचा पृष्ठभाग कुजून माती बनली, व वरून आलेल्या रसाच्या आंचेनें ती विटेसारखी भाजली गेली. घाटांतील कापांत ज्या तांबड्या रेघा दिसतात, त्या ह्याच होत. आज या खडकानें सुमारें ५ लक्ष चौरस किलोमीटर प्रदेश व्यापला आहे. सह्याद्रीच्या भागांत त्याची एकंदर जाडी दोन किलोमीटरांच्या घरांत जाते.

वाईच्या पेठेची उंची समुद्रसपाटीपासून सुमारें २,३०० फूट आहे. पसरणीचा घाट निम्मा चढून गेल्यावर मोटार बाजूस उभी करावी व मागें वळून पाहावें. खालीं कृष्णेचें खोरें, धोमचा जलाशय, ऊस-हळदीचे मळे, आणि पलीकडे सपाट माथ्यांचे डोंगर. त्या डोंगरांच्या कुशीकडे नीट पाहिल्यास कडा, मग उतार, पुन्हां कडा, पुन्हां उतार अशी पायऱ्यांची बांधणी दिसेल. युरोपांतील शास्त्रज्ञांनीं या खडकास ट्रॅप हें जें नांव दिलें, तेंहि स्वीडिश भाषेंतील पायरी या अर्थाच्या शब्दावरूनच. पायऱ्या होण्याचें कारण असें कीं, शिलारसाच्या थराचा मधला भाग घट्ट व वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळें सच्छिद्र असतो. घट्ट भाग झिजण्यास कठीण, म्हणून त्याचा कडा राहतो. सच्छिद्र भाग लवकर कुजतो, म्हणून त्याचा उतार होतो. ज्यांनीं विहिरी खणविल्या आहेत त्यांस हा भेद निराळा सांगावयास नको. घट्ट पाषाण लागला कीं सुरुंगामागून सुरुंग उडतात आणि पाणी मात्र लागत नाहीं. तो थर संपून खालचा सच्छिद्र, मुरमाड थर लागला, किंवा पाषाणास चांगल्या फटी मिळाल्या, म्हणजे झरा फुटतो. डोंगराच्या अंगावर जेथें कडा संपून उतार सुरू होतो, तेथेंच पाणवठे व वाड्या कां असतात, याचें उत्तरहि यांतच आहे.

याच घाटाच्या कापांत खडकाची माती कशी होते, हेंहि उभ्या उभ्या पाहावयास मिळतें. फटींतून पाणी शिरतें आणि पाषाणाचे चौकोनी तुकडे कडांकडून कुजत जाऊन गोल गोटे बनतात. त्या गोट्यांचे पापुद्रे कांद्याप्रमाणें सुटतात. पापुद्र्यांचा मुरूम होतो व मुरमाची माती. हें काम किती मंद आहे, हें समजलें म्हणजे बांध फुटून एका पावसाळ्यांत वाहून गेलेल्या चार बोटें मातीची खरी किंमत कळते. ती बाजारांतून आणतां येत नाहीं, व नातवाच्या हयातींतहि पुन्हां तयार होत नाहीं.

आतां देशावरील माती काळी व चिकण कां, याचा उलगडा पावसांत आहे. वाईकडे पाऊस बेताचा. खडक कुजतांना त्यांतून सुटणारा चुना व इतर क्षार धुऊन नेण्यास तो पुरा पडत नाहीं. ते जागींच राहिले म्हणजे जी चिकणमाती बनते, ती पाण्यानें फुगते व उन्हानें भेगाळते. तिच्यांत ओल धरून ठेवण्याची शक्ति मोठी. म्हणून रब्बीचें पीक केवळ मुरलेल्या ओलीवर हातीं येतें. परंतु पाणी अधिक झालें कीं हीच माती चिबडते. पाटाच्या पाण्यावर उसास वारेमाप भिजविणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवणें बरें. क्षार धुऊन जाण्यास वाट नाहीं अशी ही जमीन आहे, आणि पाण्याबरोबर ते वर चढतात.

पांचगणीस पोंचतांच देखावा पालटतो. टेबललँड म्हणून प्रसिद्ध असलेलें जें विस्तीर्ण पठार तेथें आहे, तें काळ्या पाषाणाचें नसून तांबड्या जांभ्याचें आहे. तेथून महाबळेश्वरपर्यंतच्या एकोणीस-वीस किलोमीटरांत पावसाचें मान सुमारें तिपटीनें वाढतें. महाबळेश्वरीं वर्षास सव्वादोनशें इंचांच्या आसपास पाऊस पडतो. एवढें पाणी लक्षावधि वर्षें एकाच खडकावर पडून त्यांतून झिरपत राहिलें म्हणजे चुना जातो, क्षार जातात, वाळूचें मूलद्रव्य जें सिलिका तेंहि हळू हळू विरघळून जातें, आणि मागें उरतात लोह व अल्युमिनियम. लोहास गंज चढून तो तांबडा होतो. हाच जांभा. फ्रॅन्सिस बुकॅनन या प्रवाशानें मलबारांत हा दगड पाहून १८०७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथांत त्यास लॅटेराइट हें नांव दिलें. तें लॅटिन भाषेंतील विटेच्या नांवावरून काढलेलें आहे, व योग्यहि आहे. कारण खाणींतून काढतांना तो कुऱ्हाडीनें तासतां येतो, आणि वाऱ्या-उन्हांत राहिला म्हणजे कठीण होतो.

पठाराच्या खालच्या उतारांवर ताली घालून केलेले स्ट्रॉबेरीचे मळे सर्वांच्या परिचयाचे आहेत. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीस २०१० सालीं भौगोलिक मानांकनहि मिळालें. त्याविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं. इतकेंच सुचवितों कीं, या तांबड्या मातींतून पाणी जितक्या झपाट्यानें निघून जातें, तितक्याच झपाट्यानें वरून घातलेलें खतहि निघून जातें. म्हणून तें थोडें थोडें व वारंवार द्यावें लागतें.

दुसरे दिवशीं पहांटे आर्थर सीटच्या टोंकावर जावें. वाटेंत जुनें महाबळेश्वर लागतें. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पांच नद्यांचा उगम तेथें मानतात. धार्मिक दृष्टीनें हें स्थळ थोर आहेच. परंतु शेतकऱ्यानें येथें आणखी एक हिशेब करून पाहावा. कृष्णा येथून पूर्वेस निघते व सुमारें १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. सावित्री पश्चिमेस निघते व शंभराच्या आसपास किलोमीटरांतच अरबी समुद्र गांठते. दोघींनाहि उतरावयाची उंची तीच, साडेचार हजार फूट. म्हणजे जो जिना कृष्णा सावकाश उतरते, तेथून सावित्री उडीच घेते. तिच्या पाण्याची कापण्याची शक्ति किती असेल, तें आर्थर सीटवरून खालच्या दरींत पाहिल्याबरोबर कळतें. समोरच्या उभ्या भिंतींत शिलारसाचे थर एकाखालीं एक मोजून घेतां येतात.

कोंकणांतील या आखूड व तापट नद्यांनींच सह्याद्रीचा कडा मागें मागें सारला आहे. पश्चिम किनारा तुटून वेगळा झाला, त्या वेळीं हा कडा आजच्यापेक्षां पुष्कळ पश्चिमेस होता, असें भूगर्भशास्त्रज्ञ मानतात. पायथा कोरला जातो, वरचा खडक निराधार होऊन कोसळतो, कोसळलेला मलबा नदी वाहून नेते, आणि कडा आणखी हातभर पूर्वेस सरकतो. दरड हा सह्याद्रीस नवा आलेला रोग नव्हे. त्याची घडणच दरडींनीं झालेली आहे. मनुष्यानें मात्र त्या कामांत विनाकारण हातभार लावूं नये.

महाबळेश्वरहून निघालेला रस्ता प्रथम कोयनेच्या उगमाकडील खोऱ्यांत उतरतो, प्रतापगडाजवळ धार ओलांडतो आणि तेथून आंबेनळीच्या घाटानें सावित्रीच्या बाजूस पोलादपूरकडे जातो. या मार्गावर खालीं उतरणें म्हणजे जुन्या काळांत उतरणें होय. कारण जो थर खालीं, तो आधींचा. चाळीस किलोमीटरांत चार हजार फुटांहून अधिक उतार आहे. मोटार हांकणाऱ्यानें देखावा पाहूं नये व देखावा पाहणाऱ्यानें मोटार हांकूं नये, हा नियम येथें कडकपणें पाळावा. थांबावयाचें तें रुंद वळणावर, आणि वर सुटे दगड लोंबत नाहींत ना, हें पाहून.

येथें थोडें विस्तारानें लिहिणें अवश्य आहे. ता. २३ जुलै २०२१ रोजीं सकाळीं संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरीं ५९४ मिलिमीटर, म्हणजे तेवीस इंचांहून अधिक पाऊस मोजला गेला. माण-खटावकडे वर्षाचा साराच पाऊस साधारण इतका! त्या पावसांत आंबेनळीचा रस्ता ठिकठिकाणीं तुटला. २२ जुलैस महाड तालुक्यांतील तळिये येथें डोंगर खचून ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. पोलादपूर तालुक्यांतील साखर सुतारवाडी व केवनाळे येथेंहि दरडींनीं बळी घेतले. त्यापूर्वीं ३० जुलै २०१४ रोजीं पुणें जिल्ह्यांतील माळीण गांव असेंच गाडलें गेलें, व तेथें दीडशेंच्या वर जीव गेले. हीं सर्व शेतकऱ्यांचीं गांवें होतीं. म्हणून दरड कशी होते, हें मोटारीच्या खिडकींतून पाहण्यापुरतें नव्हे, तर आपल्या घरामागील उतारावर पडताळून पाहण्यासाठीं समजून घेतलें पाहिजे.

घाटाच्या कापांत पाहा : वर माती व मुरमाड मलबा, कोठें पांच हात तर कोठें वीस, त्याखालीं घट्ट पाषाण. वरचा थर पाणी पितो. खालचा पीत नाहीं. अतिवृष्टींत वरचा थर पिऊन तट्ट फुगतो, पाणी पाषाणाच्या तोंडाशीं अडतें, आणि मातीचे कण एकमेकांस धरून ठेवीत होते ती पकड सुटते. तेथें भाजक्या तांबड्या मातीचा थर आडवा असेल, तर ती भिजून आणखीच निसरडी होते. मग सारा उतार एकदम निघतो. हें होण्यास पाऊस कारण खराच. पण निमित्त पुष्कळदां मनुष्य पुरवितो. रस्त्यासाठीं, घरासाठीं किंवा खाचर वाढविण्यासाठीं उताराचा पायथा उभा कापला, तर वरच्या ओझ्याचा टेकूच काढून घेतल्यासारखें होतें. पूर्वीं हें काम पहार-कुदळीनें वर्षानुवर्षें चालत असे, व डोंगरास सांवरावयास अवधि मिळे. आतां जेसीबी यंत्र एका दुपारींत तेवढेंच काम करितें. माळीणच्या दुर्घटनेनंतर उतार सपाट करून शेती काढण्याच्या पद्धतीवर पुष्कळ चर्चा झाली, ती यामुळेंच.

आमच्या मतें जुन्या शेतकऱ्यांची ताल घालण्याची रीत या बाबतींत अजूनहि विचार करण्यासारखी आहे. कोरड्या दगडांची ताल माती अडविते, पण पाणी फटींतून सोडून देते. तिच्या जागीं सिमेंटची भिंत घातली व तींत पाणी निघण्यास भोंकें ठेवलीं नाहींत, तर पाणी मागें तुंबून भिंतीसह उतार घेऊन जातें. उताराच्या माथ्यावर शेततळें खोदूं नये. माथ्यावरून येणारें पाणी आडव्या चरानें गोळा करून बाजूच्या ओहळांत सोडावें, व तो ओहळ बुजवूं नये. उन्हाळ्यांत उताराच्या डोक्यावर आडव्या भेगा दिसल्यास त्या चिकणमातीनें ठोकून बुजवाव्या, आणि ग्रामपंचायतीस व तहशिलींत लेखी कळवावें. झाडें किंवा खांब कलूं लागणें, घराच्या जोत्यास नव्या भेगा पडणें, नेहमींचा झरा एकाएकीं गढूळ होणें किंवा भर पावसांत आटणें, हीं लक्षणें दिसलीं म्हणजे वस्ती हलविण्यास सकाळची वाट पाहूं नये. गुरांचीं दावीं सोडून द्यावीं आणि माणसांनीं निघावें.

पोलादपूरपाशीं उतार संपतो. डोंगरानें गमावलेली माती येथें नदीच्या दोहों कांठांस भाताच्या खाचरांत सांपडते. येथून खेडकडे महामार्गानें जातांना कशेडीच्या डोंगराखालून अलीकडे बोगदा काढला आहे. ज्यांस केवळ पोंचावयाचें आहे त्यांनीं तिकडून जावें. ज्यांस खडक पाहावयाचा आहे त्यांनीं जुना घाट धरावा. या पट्ट्यांत महाडजवळ सव व पुढें दापोली तालुक्यांत उन्हवरें येथें उष्ण पाण्याचे झरे आहेत. ज्वालामुखी अजून जिवंत असल्याची ही खूण, असें कोणी कोणी सांगतात, तें खरें नव्हे. पावसाचें पाणी खोल भेगांतून खालीं उतरतें, तेथील उष्णतेनें तापतें व दुसऱ्या भेगेनें वर येतें, इतकेंच.

खेडहून दापोलीकडे चढण लागते आणि पुन्हां तांबडा रंग सुरू होतो. दापोली सुमारें आठशें फूट उंचीवर, जांभ्याच्या सड्यावर वसलेली आहे. हा जांभा महाबळेश्वराच्या जांभ्याचा धाकटा भाऊ. कडा मागें सरकल्यावर जी कोंकणपट्टी मोकळी झाली, तिच्यावर तो मागाहून तयार झाला. चिऱ्यांच्या एखाद्या खाणींत उतरून पाहिल्यास वर कठीण भोंकाळ जांभा व त्याच्या बुडाशीं मऊ, पांढरट-जांभळट चिकणमाती दिसेल. कोंकणच्या पाण्याचें सारें रहस्य या जोडींत आहे. जांभा चाळणीसारखा पाऊस गिळतो. चिकणमाती तो अडविते. आणि सड्याच्या कडेस जेथें हा सांधा उघडा पडतो, तेथें झरे वाहतात. परंतु सांठा मोठा नसल्यामुळें फाल्गुन-चैत्रांत ते आटतात. शंभर इंचांहून अधिक पाऊस पडणाऱ्या मुलुखांत बायकांस उन्हाळ्यांत हंडे घेऊन हिंडावें लागतें, त्याचें मूळ हें. झऱ्याच्या वरच्या सड्यावर चिऱ्याची खाण काढली, तर खालच्या वाडीचा झरा लवकर आटतो. चिऱ्याचा भाव ठरवितांना हा तोटा कोणी धरीत नाहीं, पण धरावयास हवा.

हापुसची कलमें कातळांत सुरुंगानें खड्डे पाडून, बाहेरची माती भरून लावलेलीं पाहिलीं म्हणजे देशावरील शेतकऱ्यास नवल वाटतें. परंतु आंब्यास मुळांशीं पाणी तुंबलेलें सोसत नाहीं, आणि जांभ्यांत पाणी तुंबत नाहीं. उणीव दुसरीकडे आहे. ही जमीन आम्ल असते, आणि तिच्यांतील लोह व अल्युमिनियम स्फुरदास घट्ट बांधून ठेवतात. घातलेल्या स्फुरदापैकीं झाडास थोडाच मिळतो. शेणखत, पालापाचोळा व कुजलेली पेंड यांच्या संगतीनें खत दिल्यास हा बांध कांहींसा सैल होतो. दापोलीस १९७२ पासून कोंकण कृषि विद्यापीठ आहे. तेथें जाणाऱ्यानें आपल्या शेतांतील मातीची एक पुडी बरोबर न्यावी. नुसतें हिंडून येण्यापेक्षां तें अधिक उपयोगी होईल.

दापोलीहून हर्णै सोळा-सतरा किलोमीटर. समोर समुद्रांत सुवर्णदुर्ग उभा आहे. ओहोटीच्या वेळीं किनाऱ्यावर उतरल्यास पायाखालीं पुन्हां काळा पाषाण सांपडेल. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, पृथ्वीवरील पुष्कळसें पाणी बर्फांत गोठलेलें असतां, समुद्र आजच्यापेक्षां तीन-चारशें फूट खालीं होता. बर्फ वितळून तो वर आला व नद्यांचीं मुखें त्यांत बुडालीं. बाणकोट व दाभोळ येथील खाड्या अशा झाल्या. म्हणूनच भरतीचें पाणी सावित्रींतून थेट महाडपर्यंत चढतें, आणि वरून पूर व खालून भरती यांची गांठ पडली म्हणजे महाडची पेठ बुडते. खाड्यांच्या कांठीं बांध घालून राखलेल्या खार जमिनींसाठीं मुंबई सरकारनें १९४८ सालीं स्वतंत्र कायदा केला होता. या जमिनींचें सारें जीवित बांधाच्या उघाडीवर अवलंबून असतें, आणि एकाचा बांध फुटला कीं शेजाऱ्यांचींहि शेतें जातात.

हर्णैच्या दक्षिणेस मुरूड व कर्दें येथें लांबच लांब पुळण आहे. तिच्या मागील वाळूच्या उंचवट्याआड नारळ-पोफळीच्या वाड्या आहेत. समुद्रापासून हांकेच्या अंतरावर असूनहि त्यांच्या विहिरी गोड्या कशा, असा प्रश्न साहजिक पडतो. वाळूंत मुरलेलें पावसाचें गोडें पाणी हलकें असल्यामुळें खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतें, म्हणून त्या गोड्या राहतात. पूर्वीं रहाटानें उपसा बेताचा होई. आतां पंप आले, शिवाय किनाऱ्यावर प्रवाशांसाठीं निवासगृहें वाढलीं, व उपसाहि वाढला. गोड्या पाण्याचा थर जितका खालीं जातो, त्याच्या अनेक पटींनीं खारें पाणी खालून वर चढतें. एकदां विहीर मचूळ झाली, तर ती पुन्हां गोडी होण्यास कित्येक पावसाळे जातात. म्हणून येथील वाडीवाल्यांनीं विहीर खोल करण्याच्या भरीस पडूं नये. उथळ ठेवावी, थोडा थोडा उपसा करावा, आणि वैशाखांत दर आठवड्यास पाणी चाखून पाहावें.